एवेलियोचं पाणी

सांतियागोच्या त्या चढावरच्या गल्लीत जासिरासाठी सगळी दारं उघडायची, एक एनेइदा आजीचं सोडून. ते जासिराने आपल्याच हाताने बंद करून घेतलं होतं.

जासिरा अंगोलाची, सार्वजनिक आरोग्य शिकायला क्यूबात आलेली. जानेवारीत वडील वारले तेव्हाही तिला लुआंडाला घरी जाता आलं नव्हतं. शिकणाऱ्यांनी रोज सकाळी दारोदार फिरून ताप कुणाला आहे ते विचारायचं आणि साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधायच्या, अशी तिथली पद्धत. पहिल्याच आठवड्यात आजीच्या कपाटावरच्या पेल्यात तिला अळ्या वळवळताना दिसल्या. या शहाणीने पेला सरळ मोरीत ओतला. ते पाणी आजीच्या गेलेल्या नवऱ्याचं, एवेलियोचं होतं. गेलेल्यांना तहान लागू नये म्हणून तिथे असा पेला भरून ठेवतात. अळ्या होत्या हे आजीही नाकारत नव्हती. पण न विचारता ओतणं म्हणजे माणसाला भरल्या ताटावरून उठवणंच.

पुढे डेंग्यूची साथ आली. गल्लीतली माणसं एकेक करून आडवी झाली, आणि आजीची खिडकी दोन दिवस उघडली नाही. जासिराचा जीव टांगणीला लागला. शेवटी शेजारणीकडून एक पेला ताजं पाणी घेऊन ती दारात उभी राहिली.

"आजी, आजोबांचं पाणी आणलंय. चुकलं माझं."

बऱ्याच वेळाने कडी निघाली. आजी तापाने फणफणली होती, हिरड्यांतून रक्त येत होतं. तरी इस्पितळाचं नाव काढू देईना.

"मी गेले तर ह्यांचं पाणी कोण बदलणार? तू? ओतणारी?"

"मीच. रोज."

आजीने तिला नखशिखांत न्याहाळलं आणि किल्ली हातावर ठेवली.

आजी वाचली. घरी आली ती पिशवीही खाली न ठेवता थेट कपाटापाशी गेली. एवेलियोचा पेला लख्ख होता. शेजारी पाण्याने भरलेला एक छोटा कप होता.

"हा कुणाचा?"

"बाबांचा," जासिरा म्हणाली.

आजीने कप उजेडात धरून पाहिला आणि एवेलियोच्या आणखी जवळ सरकवून ठेवला.

"राहू दे इथेच. ह्यांनाही बोलायला कुणी नव्हतं. पण रोज येऊन पाणी बदलायचं हं, डॉक्टरीणबाई. नाहीतर अळ्या होतात."