गोटेबाबा आणि झाकलेली टोपली

लटारूभाऊच्या अंगणात त्या सकाळी एवढी माणसं जमली होती की कोंबड्यांनाच उभं राहायला जागा नव्हती. आणि गर्दी तर कोंबड्यांसाठीच. बाया पदराखाली पिल्लं झाकून, बाप्ये टोपल्या मांडीवर घेऊन रांगेत बसले होते. ओट्यावर गोटेबाबा. त्यांच्या चिमटीत काळा दोरा, दोऱ्याला तांब्याचा गोटा. गोटा पिल्लावर धरायचा. गोल फिरला तर पिल्लू राजा होणार, सिंदेवाहीच्या प्रदर्शनात नंबर मारणार. सरळ झुलला तर पिल्लू अवलक्षणी, घरात ठेवलं तर घराचा घात.

ही छप्पन सालची गोष्ट. ग्रामसेवकानं गावात विलायती कोंबड्यांची अंडी वाटली होती आणि मार्गशीर्षात सिंदेवाहीला कोंबड्यांचं प्रदर्शन भरायचं होतं. त्यामुळे जो तो पिल्लाच्या तोंडाकडे पाहत बसलेला.

"हम पैसे को हाथ नहीं लगाते," बाबा म्हणत. "तांबा झूठ नहीं बोलता, बेटा."

खरं आहे. तांबं मुळात बोलतच नाही.

अवलक्षणी पिल्लं बाबांचा चेला बाबुलाल ठेवून घ्यायचा. ती म्हणे जंगलात देवाला सोडायची. पैसा नको म्हणणाऱ्या माणसाला पिल्लू द्यायला कोण नाही म्हणेल?

मी शाळा पाहिली नाही. अक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून. कोंबड्या मात्र तीस वर्षं पाळते. पायाची नळी जाड, छाती रुंद, चाल ताठ, डोळा तेज, एवढं दिसलं की पिल्लाचं पुढचं निम्मं कळतं. उरलेलं निम्मं कोणालाच कळत नाही. बाबा आल्यापासून दोन दिवस मी कडेला बसून पाहत होते. जी पिल्लं मी निवडली असती, नेमकी तीच अवलक्षणी निघत होती. लंगडी, किडमिडी होती ती सगळी राजे. आणि आणखी एक. गोटा धरण्याआधी बाबा पिल्लू डाव्या हातात घेऊन उदाची फुंकर मारायचे, तेव्हा त्यांचा अंगठा गुपचूप पिल्लाच्या छातीवरून आणि नळीवरून फिरायचा.

मग रंभाची पाळी आली. रंभा माझी शेजारीण. नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी आलेली. तिच्याकडे एकच नर पिल्लू, पण असं की चालायला लागलं म्हणजे पाटीलच निघाला वाटावं. प्रदर्शनात पिंजऱ्यावर मालकाच्या नावाची चिठ्ठी लावतात, हे तिनं माझ्याकडून तीनदा विचारून घेतलं होतं.

गोटा सरळ झुलला.

"हिचं तं सारंच अवलक्षणी," मागून कोणीतरी पुटपुटलं. रंभानं मान खाली घातली आणि पिल्लू बाबुलालच्या हातात दिलं.

मी उठले. "बाबा, एकडाव आणखी पाहा. पण टोपली झाकून."

"काऊन, रुखमाबाई?" लटारूभाऊनं विचारलं.

"तांब्याले डोळे हायेत का, भाऊ? त्याले झाकलं काय न उघडं काय."

लोक हसले. हसणाऱ्या लोकांपुढे बाबांना नाही म्हणता येईना.

"मी तीन डाव टोपली आणतो. लटारूभाऊ, तुमी चला साक्षीले," मी म्हणाले.

बाबुलालच्या हातातलं पिल्लू आणि रांगेतली आणखी दोन घेऊन आम्ही घरामागे गेलो आणि दर डावाला टोपली फडक्यानं बांधून आणली. पहिल्यांदा गोटा गोल फिरला. दुसऱ्यांदा सरळ. तिसऱ्यांदा पुन्हा गोल, आणि बाबा खुशीत म्हणाले, "ये तो राजाओं का राजा."

मी फडकं सोडलं. लटारूभाऊचा बाबांवर जीव होता, पण खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. तो सावकाश म्हणाला, "तिन्ही डाव रंभाचंच पिल्लू होतं, बाबा."

"कपड़े से लहर रुक जाती है, बेटा."

"मंग राजांचा राजा कोणत्या लहरीनं झाला?" मी विचारलं.

तेवढ्यात बाहेरून रंभाची हाक आली. पिल्लांची चिवचिव कानावर पडली म्हणून ती बाबांच्या बैलबंडीकडे गेली होती. भाताच्या तणसाखाली बांबूची मोठी डाल, आणि डालीत वीसेक पिल्लं.

"ती चांद्याच्या बाजारातून आणली हायेत," बाबुलाल धावत आला.

आमच्याकडे सगळ्या घरांची पिल्लं एकत्र चरतात. म्हणून ती दोन दिवसांची असतानाच एका बोटाचं नख शेंड्यासकट छाटायचं, ही जुनी रीत. कोणत्या पायाचं कोणतं बोट, त्यावरून घर ओळखायचं. हे बाहेरच्या माणसाला काय ठाऊक?

रंभानं एक पिल्लू उचलून त्याची बोटं फाकवली. "हे मनकर्णाबाईचं. डावं मधलं." दुसरं उचललं. "हे तुमचं, लटारूभाऊ. जंगलात देवाले सोडलं होतं ना? मंग इथी काय करून राह्यलं?"

लटारूभाऊनं पिल्लू घेऊन त्याची बोटं स्वतः पाहिली. मी दोरा त्याच्या चिमटीत दिला. "हात हालवू नका. फक्त मनात गोल म्हना."

गोटा हळूहळू गोल फिरू लागला. लटारूभाऊ आपल्याच हाताकडे पाहत राहिला. "म्या तं नाई हालवला, बाई."

"मनात आलं की बोट हालते, भाऊ. आपल्यालेच कळत नाई. तुमचं नकळत हाललं. बाबांचं कळून हालत होतं, पिल्लू हातानं चाचपल्यावर."

बोटं पाहून ज्यानं त्यानं आपलं पिल्लू घरी नेलं. बाबांची बंडी रिकामी गेली. गोटा मात्र लटारूभाऊकडेच राहिला. तो आता त्याच्या विळ्याच्या मुठीला लटकतो.

मार्गशीर्षात रंभाचा कोंबडा सिंदेवाहीला गेला. नंबर आला नाही. परीक्षकानं मोजलं, तर तुऱ्याला एक दात कमी निघाला. म्हटलं होतं ना, निम्मं कोणालाच कळत नाही. पण पिंजऱ्यावर चिठ्ठी होती आणि रंभानं ती माझ्याकडून वाचून घेतली: मालक, रंभा. संध्याकाळपर्यंत ती तिथून हलली नाही.

तुमच्या गावात असा कोणी आला तर त्याच्याशी भांडू नका. फक्त टोपली झाकून द्या. खरं असेल ते झाकल्यावरही खरंच निघेल.