नॉर्मलबाईंचं रक्त

आधी बाईंना वाटलं, रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली. रक्तातली प्रथिनं ज्यावर रेघांसारखी उमटतात, त्या जेलच्या चकतीचा फोटो पडद्यावर आला होता. त्यात पेशंटची रेघ फिकट होती, ते ठीकच. पण शेजारची, निरोगी माणसाची रेघही तेवढीच फिकट. आणि निरोगी माणूस म्हणजे त्या स्वतः.

प्रयोगशाळेत तुलनेसाठी धडधाकट माणसाचं रक्त लागतं. सुई म्हटलं की भलेभले काढता पाय घेत, म्हणून या टेक्निशियनबाई वर्षानुवर्षं स्वतःचंच रक्त देत आल्या होत्या. सगळे त्यांना 'नॉर्मलबाई' म्हणून चिडवत, आणि त्यांनाही ते आवडायचं.

ही तपासणी मात्र नवीन होती. रक्तपेशी कशा घडाव्यात याचे हुकूम सोडणारं एक प्रथिन डीएनएला धरून बसतं. एकट्याची त्याची पकड सुटते. जोडीदार प्रथिन येऊन बिलगलं की मग ते घट्ट बसतं आणि जेलवर ठसठशीत काळी रेघ उठते. ही पकडच जमली नाही, तर जखमेचं रक्त लवकर थांबत नाही आणि पुढेमागे रक्ताचा कॅन्सरही होऊ शकतो.

बाईंचा थोरला भाऊ त्यानेच गेला होता. तेव्हा सगळ्यांनी नशिबाला बोल लावला होता. बाईंनी तो फोटो प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सरांना दाखवला.

सर म्हणाले, नमुना खराब झाला असेल, पुन्हा करू, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका. या खेपेला जोडीला आणखी कुणाचं तरी रक्त घ्यायचं ठरलं, तशी एरवी गप्पा छाटणारी मंडळी एकदम कामात बुडाली. आपलीही रेघ फिकट निघाली तर, हीच धास्ती प्रत्येकाला. शेवटी सरांनीच बाही वर सारली.

सरांची रेघ काळीभोर उठली. बाईंची पुन्हा फिकटच.

सरांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, एवढ्यावरून काही ठरत नाही, जनुक तपासू. बाईंनी मान डोलावली. स्वतःची त्यांना फारशी भीती नव्हती. निम्म्याहून जास्त आयुष्य तर धडपणे निघालं होतं. भीती होती लेकीची. असा दोष आईत असला, तर तो मुलात उतरायची शक्यता निम्मी. गेल्याच वर्षी तिचा घोळणा फुटला होता, तेव्हा उन्हाने होतं असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता. आता ते आठवलं आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

लेक कॉलेजातून परस्पर प्रयोगशाळेत आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मामासारखं?"

बाईंना खोटं बोलवेना. "माहीत नाही गं. तेच तर बघायचंय."

सुई त्यांनी स्वतःच टोचली. शीर लगेच सापडली, नळी भरली. सुई काढून त्यांनी कापसाचा बोळा ठेवला आणि वरून अंगठा दाबून धरला.

"आई, थांबलं असेल आता," लेक म्हणाली. "सोड की."

"बस जरा."

थोड्या वेळाने लेकीने हात ओढून पाहिला. बाई काही अंगठा उचलेनात. कापूस काढून बघायचं त्यांना धाडसच होईना.