मधाच्या ओंडक्याचं झाकण

मित्रांनो, मी एक जुनी दगडी चकती आहे. एके काळी माया लोकांच्या अख्ख्या नगरीने माझ्यापुढे गुडघे टेकले. म्हणजे नगरीतल्या एका माणसाने, आणि तेही माझ्यामागे मध होता म्हणून.

हा माणूस पोकळ ओंडक्यात न डसणाऱ्या मधमाश्या पाळी. ओंडक्याच्या एका तोंडाला मी, दुसऱ्याला माझी बहीण, कडेने चिखलाचा लेप. आम्ही मुंग्यांना अडवत असू. समोरच्या पिरॅमिडवरचा राजा शत्रूंना अडवत असे. मुंग्या कधीच आत आल्या नाहीत. राजाचं विचारू नका. पुढे पाऊस रुसला, नगरी ओस पडली, ओंडका कुजला आणि अकराशे वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग परदेशी प्राध्यापक आले. त्यांनी मला उकरून, दात घासायच्या ब्रशने लख्ख धुतलं आणि 'सूर्यप्रतिमा' ठरवलं. खोदकामावरचा निकानोर पोओत खो खो हसला.

"साहेब, हे पोळ्याचं झाकण! माझ्या घरी आहे असलं."

"तुझ्या घरी सूर्य आहे?"

"तडकलाय, साहेब. मंगळवारी बायकोच्या हातून पडला. फटीतून मुंग्या शिरतायत. आजोबांच्या वेळच्या माश्या आहेत. उठून गेल्या तर परत नाही यायच्या. बायको म्हणते, धड झाकण आण, नाहीतर तूपण येऊ नकोस."

"उद्या घेऊन ये. बघू."

दुसऱ्या दिवशी मी आणि निकानोरच्या घरची चकती, दोघी टेबलावर शेजारी. ती धुराने काळी, चिखलाने माखलेली, मधोमध तडकलेली. प्राध्यापकांनी चष्मा पुसला आणि तिलाच अलगद उचललं.

"जुनी ती हीच! आणि ही भेग बघ. राजा वारला की विधीपूर्वक फोडत असणार."

"साहेब, ती माझी..."

"निकानोर, तू खोद. अभ्यास मी करतो. तुझी ती स्वच्छ चकती उचल आणि घरी ने."

निकानोरने माझ्याकडे पाहिलं. त्याला माश्या आठवल्या असाव्यात. बायको तर नक्कीच आठवली.

"बरं साहेब. तुम्ही म्हणाल तसं."

त्याच संध्याकाळी त्याच्या बायकोने, फिलोमेनाने, मला ओंडक्याच्या तोंडाला बसवून कडेने चिखल दाबला. "बसली की घट्ट! कुठनं ढापलीस?"

"साहेबांनीच दिली."

"तुला? दारू पितात का ते?"

तेव्हापासून एकही मुंगी आत गेलेली नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. जपणं जमत नसेल, तर निदान वापरा.

राजधानीच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत, मखमलीवर एक तडकलेली चकती आहे. शाळेची मुलं रांगेने येऊन ती बघतात. निकानोरने ती दोन वर्षांपूर्वी घडवली होती.