ग्लेनिसबाईंची खिडकी आणि माझे कुलूप

मित्रांनो, मेन्नाबाईंच्या खणात मेणबत्त्यांशेजारी पडलेला मी एक जुना टॅब आहे. माझी काच अजून शाबूत आहे, आणि माझे कुलूपही.

वेल्सच्या किनाऱ्यावरच्या गावात मी ग्लेनिस प्रॉसर यांच्याकडे राहत होतो. त्या एकट्या होत्या. रोज मला खिडकीत टेकवून समुद्राकडे पाहत चहा प्यायच्या. माझ्यावरच त्यांनी आपले मुखत्यारपत्र तयार केले. आपले भान हरपले, तर उपचारांचे आणि राहण्याचे निर्णय शेजारच्या मेन्नाने घ्यावेत, असे त्यात होते. खाली लिहिले होते, "मला याच खिडकीपाशी परत आणावे."

पत्र सरकारदरबारी नोंदले गेले. दोघींना टपालाने एकेक गुप्त क्रमांक आला. वर्षभरात तो वापरून प्रत्येकीने सरकारी संकेतस्थळावरचे आपापले खाते पत्राशी जोडायचे होते, म्हणजे तिथून पत्राचा पुरावा कोणालाही दाखवता येई. ग्लेनिसबाईंनी जोडले. मेन्नाबाईंनी पाकीट घड्याळामागे खोचले.

"अगं, उघड की ते!"

"तुझ्या टॅबात आहे ना सगळं? मला कशाला दुसरं कुलूप?"

"माझा पासवर्ड मी तुलाही सांगणार नाही हं."

"नको सांगूस. तू मला पुरून उरशील!"

दोघी हसल्या. मीही निर्धास्त होतो.

दोन वर्षांनी ग्लेनिसबाईंना पक्षाघात झाला. वाचा गेली, ओळखही गेली. मूळ कागद कुठे ठेवला होता, ते त्यांनाच ठाऊक. मेन्नाबाई मला घेऊन रुग्णालयात धावल्या. त्यांनी मांजराचे नाव, जन्मतारीख, सगळे टाकून पाहिले. मी उघडलो नाही. मला तसेच शिकवले होते. घड्याळामागचा क्रमांक तर केव्हाच बाद झाला होता.

तेवढ्यात ग्लेनिसबाईंचा भाऊ ह्यू आला. "मी सख्खा भाऊ. तुम्ही नुसत्या शेजारीण."

"चौदा वर्षांत एक पत्र नाही, आणि आज भाऊ झालास होय रे?"

पण हातात पुरावा नव्हता. डॉक्टरांनी ह्यूचे ऐकले. ग्लेनिसबाईंना डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात हलवले.

मेन्नाबाईंनी मागवलेला नवा क्रमांक तीन आठवड्यांनी आला. त्यांनी खाते जोडले, पुरावा दाखवला. डॉक्टर म्हणाले, "आता त्यांना प्रवास सोसणार नाही." नोव्हेंबरात ग्लेनिसबाई गेल्या. त्यांच्या पलंगासमोर भिंत होती.

मित्रांनो, आपला पासवर्ड कोणाला देऊ नका. पण ज्याच्यावर भरवसा ठेवलात, त्याला त्याची स्वतःची किल्ली घ्यायला लावा, आणि ती चालते का, हे धडधाकट असतानाच पाहा.

मेन्नाबाई अधूनमधून मला चार्ज करतात आणि एखादा शब्द टाकून पाहतात. तो चुकतो. माझ्या आत त्या खिडकीतून काढलेले समुद्राचे चारशे फोटो आहेत.