पिकनच्या बागेतल्या निळ्या फिती

धरणात पाणी अडवायला फार दिवस उरले नव्हते, आणि वेंडेल प्रुइटचं डोकं मात्र फितींपाशीच अडलं होतं. तो मत्स्यखात्याचा माणूस. ओक्लाहोमातल्या त्या नव्या जलाशयाच्या तळाशी माशांना आडोसा म्हणून कुठली झाडं उभी ठेवायची आणि पोहणाऱ्यांसाठी, बोटींसाठी कुठली तोडायची, हे तो ठरवायचा. नारिंगी फीत म्हणजे ठेवा, निळी म्हणजे तोडा. म्हाताऱ्या व्हर्ना टॅकेटच्या पिकनच्या, म्हणजे अक्रोडासारख्या फळाच्या झाडांच्या, बागेला त्याने नारिंगी फिती बांधल्या होत्या, आणि दर खेपेला कोणीतरी त्या सोडून निळ्या बांधत होतं.

ही बाग राखायला त्याने जिवाचं रान केलं होतं. गावच्या सभेत बागेचं नाव निघताच म्हातारी ढसाढसा रडली होती. मग या पठ्ठ्याने वरच्यांशी भांडून बागेच्या जागी ठरलेला पोहण्याचा किनाराच पलीकडच्या काठाला नेला. त्यावर ही बक्षिसी! कोणाचं काय घोडं मारलं होतं त्याने?

आज सकाळी, तोडणारे यायच्या आत, तो बागेत पोचला. निळ्या फितीचं भेंडोळं घेऊन खुद्द व्हर्नाच उभी होती.

"व्हर्नाबाई, तुम्ही?"

"मग काय, भूत वाटलं? धर जरा हे टोक."

"अहो, पण मी तुमच्यासाठीच वाचवली ना ही झाडं!"

"वाचवली म्हणे! पाण्यात उभ्या उभ्या मरणार ती. माझं नवं घर त्या टेकडीवर आहे, वेंडेल. रोज कॉफी घेऊन खिडकीत बसायचं आणि नवऱ्यानं, माझ्या हार्लननं, लावलेल्या झाडांचे सांगाडे बघायचे?"

"सभेत तुम्ही रडलात म्हणून..."

"रडले. का रडले ते विचारलंस? इथे पोरांनी पोहावं, आरडाओरडा करावा, एवढंच हवं होतं मला. तो किनाराही पळवलास, मेल्या."

वेंडेलचा चेहरा पडला. तोडलेली झाडं दगड बांधून खोल पाण्यात सोडली तरी मासे तिथे राहतात, हे त्याला पाठ होतं. मग उभी ठेवायचा हट्ट कोणासाठी? "किनाऱ्याचं बघतो," तो पुटपुटला. आता ते जमेल की नाही, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

दोघांनी मिळून फिती बांधल्या. शेवटच्या झाडापाशी व्हर्नाचा हात थांबला.

"इथे हार्लननं मला मागणी घातली होती," ती म्हणाली. "मला काही कळेनासं झालंय रे. तूच सांग, याला कुठली बांधू?"

वेंडेल दोन्ही रंगांच्या फिती हातात घेऊन उभा राहिला. कोणाला न विचारता अख्ख्या बागेचा निकाल लावणाऱ्या त्या माणसाला, आता विचारल्यावर, एका झाडाचं उत्तर देता येईना. टेकडीवरून तोडणाऱ्यांचा ट्रक खाली उतरत होता.