गिरणीवरचा काळा नाग

कॅसलरॉकजवळच्या रानात लाकूड कापायची एक जुनी गिरणी होती. आगगाडीचे रूळ टाकताना उभारलेली, पुढं बंद पडलेली. तिच्या उंच धुराड्याखाली त्या सकाळी एवढी गर्दी लोटली, की वानरांनाही फांदीवर जागा उरली नाही.

मधोमध आभाळबाबा. हे गृहस्थ म्हणे रोज घारीच्या पाठीवर बसून ढगात जेवायला जात. पोट पाहून घारीचीच दया यावी!

बाबानं एक फोटो उंचावला. "देवीनं आभाळातनं काढलेलं चित्र हाय! ही गिरणी, ही तुमची घरं. धुराडं दिसतंय? न्हाई! नागानं गिळलंय. आनि नागाचं तोंड कुनाच्या घरावर?"

फोटोतला लांबलचक काळा नाग थेट केशरच्या गवती छपरावर टेकला होता. केशर एकटी, विधवा. गावातली तीन गुरं मेली होती आणि लोकांना कुणीतरी हवंच होतं.

"चेटकीन हाय! घर जाळा, रानात हाकला," गर्दीतून ओरडा उठला.

पुढं उभ्या असलेल्या गावातल्या नागूनं चूड पेटवलीसुद्धा.

केशर फोटो निरखत होती. रोज सकाळी अंगणातली भात वाळवायची चटई आपण उन्हात का सरकवतो, हे तिला लख्ख आठवलं.

"झिलू गावकार, जाळायच्या आदी गिरणीच्या भिंतीवर चढा."

"मी? ह्या वयात?"

"घर जाळायला वय आड येत न्हाई ते!"

हशा पिकला. गावाचा म्होरक्या चढला. केशरनं घरातून मुसळ आणून भिंतीच्या पायाशी, उन्हात रोवलं.

"सरळ खाली बघा. मुसळ दिसतंय?"

"नुसता वाटोळा ठिपका."

"आनि?"

गावकार आणखी वाकला. "काळा... लांब... नाग."

"सावली हाय ती! वरनं बघितलं की उभं धुराडं ठिपका हुतं, नि सावलीचा नाग. बघा, आत्ताबी माझ्या छपरावर पडलीय."

माना वळल्या. पडली होती. जन्मल्यापासून पाहत आले होते सगळे.

"पन वरनं फोटो काढला कुनी?" नागूनं विचारलं.

"शिमग्याला एक गोरा साहेब हितं भलामोठा पतंग उडवत हुता, तुमी हसलात. त्याला कॅमेरा बांधलेला, मी पानी न्यायची तवा बघितलाय. फोटो ह्याच्या हाती कसा आला, त्यालाच इचारा."

बाबा स्टेशनाच्या वाटेला धोतर सावरत पळत होता. घार कुठं दिसेना.

"चुकलो, केशरे," गावकार म्हणाला.

"तो लबाड हुता, गेला. तुमी हितंच ऱ्हानार, नि चूड तुमच्या हातात हुती. कुनी बाईला चेटकीन म्हटलं, तर आदी इचारा, कशावरनं? वरनं बघा, खालनं बघा, उन्हात काठी रोवून बघा. मग तोंड उघडा."

ती वळली.

"आनि नागू, ती चूड इझव. माझं छप्पर गवताचं हाय."