कोरड्या पाटाची पाणचक्की

त्सोन्काने पाणचक्की विकायला काढली, तेव्हा तिच्यापेक्षा मलाच जास्त हायसं वाटलं. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये एकच कुंपण. लहानपणापासून मी बघत आलेय, ओढ्याकडे जायचं म्हटलं की ती काहीतरी कारण काढते. अळंबी गोळा करायला सगळं गाव ओढ्याच्या वाटेने जातं, ही टेकडीला वळसा घालून तासभर उशिरा पोचते. कुणी काही विचारत नाही. तिचा बाप पेन्यो त्या चक्कीच्या चाकाखाली मेला. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तिथेच होती. गावाला एवढं ठाऊक होतं आणि एवढं पुरेसं होतं.

चक्की दीडशे वर्षांच्या वरची. हातभर जाडीच्या दगडी भिंती, वर दगडी फरशांचं छप्पर, तेही एका बाजूने बसलेलं. पेन्यो गेला आणि तिच्या आईने दाराला कुलूप घातलं, ते घातलंच. शेवटी राजधानीत, सोफियात राहणारा तिचा भाचा मिलेन म्हणाला, असली जुनी घरं दुरुस्त करून राहायला लोक हल्ली शोधत फिरतात, मी इंटरनेटवर टाकतो. फोटो काढायला आत तोच गेला. त्सोन्का वर रस्त्यावर गाडीत बसून राहिली, काचा बंद करून.

ऑक्टोबरात प्लोव्दिव शहरातलं एक जोडपं बघायला येतो म्हणालं. मिलेनने फोनवर मावशीला दोन गोष्टी बजावल्या. एक, दारावरचा कागद काढून टाक. आमच्यात माणूस गेला की त्याचा फोटो आणि नाव छापून दारावर लावतात, आणि घरचे दर वर्षी त्या तारखेला नवा कागद लावत राहतात. चक्कीच्या दारावर पेन्योचा कागद होता. आई होती तोवर ती लावायची, नंतर त्सोन्का माझ्याकडून लावून घ्यायची. दुसरी गोष्ट, पाटाच्या तोंडाशी पाणी अडवणारी फळी कुजली आहे, ते आपण होऊन सांगू नकोस. तेवढ्याने गिऱ्हाईक बिचकतं. विचारलं तर सांग.

कागद मीच खरवडून काढला. पेन्योचा चेहरा काही केल्या निघेना, शेवटी गरम पाण्याचं फडकं लावून काढला. हे लिहिताना लाज वाटते, पण केलं ते केलं.

चार दिवस पाऊस लागून राहिला होता. पाहुणे आले त्या सकाळी मात्र लख्ख उघडलं. त्सोन्काने माझ्या दाराशी येऊन सांगितलं, "मी उंबऱ्यापर्यंत येईन. आत तू दाखव. आणि मला एकटीला सोडून कुठे जाऊ नकोस."

नवऱ्याचं नाव ल्यूबेन. पन्नाशीचा, एका तंत्रशाळेत मुलांना लेथचं यंत्र चालवायला शिकवणारा, दिसेल त्या लाकडावर टकटक करून बघणारा. बायको इस्क्रा दातांची डॉक्टर, कमी बोलणारी. तिने आल्याआल्या दारावरच्या डिंकाच्या चौकोनी डागावर बोट ठेवलं आणि विचारलं, इथे काय होतं? मी म्हटलं, पंचायतीची कसली तरी नोटीस. त्सोन्का खाली मान घालून बुटांना लागलेला चिखल बघत राहिली.

आत शिरल्यावर ल्यूबेनचा आनंद मावेना. मोठालं जातं, वरची तळी अजून जागेवर. दाणे सोडायची लाकडी पेटी उंदरांनी कुरतडलेली, पण उभी. जात्याशेजारी जमिनीतून वर आलेला एक लांब दांडा होता, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. हा कशासाठी, त्याने विचारलं. मी खांदे उडवले. तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून त्सोन्काचा आवाज आला.

"तो ओढला की खाली एक फळी धारेच्या आड येते. पाणी बाजूला उडतं, चाक थांबतं. पण धरून ठेवावा लागतो."

बावन्न वर्षांत चक्कीबद्दल तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

"मग चाकही आहे खाली?" ल्यूबेन म्हणाला.

"खाली जाऊ नका."

"का हो मावशी, साप आहेत?"

"ओल आहे."

"ओल बघायलाच आलोय मी," तो हसत म्हणाला आणि टॉर्च घेऊन मागच्या बाजूने उतरला.

आमच्याकडच्या चक्कीचं चाक आडवं असतं, जोत्याखालच्या कमानीत. डोंगरातून पाट येतो, पाटातून उतरती लाकडी पन्हळ, पन्हळीतून धार थेट चाकाच्या पात्यांवर. कमान इतकी बुटकी की पोटावर सरपटत जावं लागतं. ल्यूबेन आत दिसेनासा झाला. थोड्या वेळाने जमिनीखालून त्याचा आवाज आला, चाक ओकचं आहे, ठणठणीत आहे, हाताने फिरतंय! आणि आमच्यासमोर वरची तळी वीतभर सरकली. दगडावर दगड घासल्याचा आवाज झाला. मी उंबऱ्याशी आले, तर त्सोन्काने माझं मनगट पकडलं.

इस्क्रा आत टेप लावून खिडकी मोजत होती. मी त्सोन्काला म्हटलं, झालं, आता येईल तो वर. ती ऐकत नव्हती. मान वळवून ती ओढ्याकडे कान देत होती.

"आवाज कमी झाला," ती म्हणाली.

"कसला?"

"ओढ्याचा. एवढ्या पावसानंतर ओढा असा गप्प होत नाही. पाटाच्या तोंडाची फळी गेली. पाणी पाटात शिरलंय."

मीही कान दिला. मघाशी बोलायला आवाज चढवावा लागत होता, आता तिचा श्वास ऐकू येत होता. पाटाचं तोंड वर, बीच वृक्षांच्या दाटीत, दोनेकशे पावलांवर. पाट वर्षानुवर्षं कोरडा, पानांनी भरलेला. पाणी त्यातून वाट काढत येणार, पण येणार.

मी धावत मागच्या उतारावर गेले आणि कमानीत तोंड घालून ओरडले, बाहेर या, पाणी येतंय. ल्यूबेनला आधी चेष्टाच वाटली. मग त्याने मागे सरकायचा प्रयत्न केला, आणि त्याचा सूर बदलला. जाकीट चाकाच्या कण्यापाशी कशात तरी अडकलं होतं. माझा आरडाओरडा ऐकून इस्क्रा धावत खाली आली. मी वळून वर पाहिलं. उंबऱ्यात त्सोन्का उभी होती, दोन्ही हातांनी चौकट धरून. पुन्हा पाहिलं तेव्हा उंबरा रिकामा होता.

पाणी दिसायच्या आधी त्याचा वास आला, कुजक्या पानांचा. मग ते आलं, तपकिरी, पुढे काटक्या आणि चिखलाचा लोट ढकलत, आणि पन्हळीत कोसळलं. चाक गर्रकन अर्धं फिरलं. ल्यूबेन किंचाळला. आणि मग चाक थांबलं. धार भिंतीवर आपटून फवाऱ्यासारखी उडायला लागली, पण चाक जागच्या जागी थरथरत उभं राहिलं.

वर कुणीतरी दांडा ओढला होता.

आता भीती वेगळी होती. पाणी बाहेर जायची वाट गाळाने बुजलेली, त्यामुळे कमानीत पाणी चढायला लागलं. ल्यूबेनची हनुवटी पाण्याला टेकली. इस्क्रा काही न बोलता आडवी पडून आत घुसली. मी तिचे घोटे धरले. आतून तिचा आवाज येत होता, अगदी शांत, जसा दात काढताना रोग्याशी बोलत असेल तसा: डावा हात सैल सोड. आता बाही. आता डोकं खाली घे, श्वास धर. आणि डोक्यावर, लाकडी जमिनीतून, दांडा धडधडत होता आणि त्सोन्का एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"धरलाय. धरलाय, बाबा. धरलाय."

जाकीट आतच राहिलं. माणूस बाहेर आला. खांदा निखळलेला, कपाळ फुटलेलं, ओठ निळे, पण जिवंत. त्याला गवतावर झोपवून मी वर धावले.

त्सोन्का दांड्याला छातीशी कवटाळून उभी होती, पाय जात्याच्या लाकडी चौकटीला टेकवलेले. प्रत्येक हिसक्यासरशी सगळं अंग हलत होतं. मी म्हटलं, तो बाहेर आला, सोड आता.

"नाही."

"अगं, जिवंत आहे तो. बाहेर बसलाय."

"तेव्हाही आईने मला असंच सांगितलं होतं."

मी तिच्या हातांना हात लावला तर तिने मला कोपराने ढकललं. शेवटी इस्क्रा आली, नखशिखांत चिखलात. तिने त्सोन्काच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि तिची बोटं एकेक करून सोडवायला सुरुवात केली. शेवटचं बोट सुटताच दांडा ताडकन वर उडाला आणि जातं फिरायला लागलं. दाणा नाही, काही नाही, नुसता दगडावर दगड. खोली हादरत होती, जळका वास सुटला होता. आम्ही दोघींनी त्सोन्काला अक्षरशः ओढत बाहेर आणलं.

इस्क्राने गाडी चालवत आम्हाला शहरातल्या दवाखान्यात नेलं. ल्यूबेनला आत घेतलं. आम्ही तिघी बाकावर, अंगाखाली पाण्याची थारोळी. तिथे त्सोन्काने सांगितलं. मला, शेजारणीलाही, पहिल्यांदाच.

"दांडा माझ्या हातात होता. बाबा चाकात अडकलेली फांदी काढायला खाली गेला होता. दोन्ही हातांनी धर, मी हाक मारेपर्यंत सोडू नकोस, असं सांगून गेला. माझा मोजा घसरला होता. तो वर ओढायला मी एक हात सोडला. एवढंच. सगळे म्हणाले, धारेआडची फळी मोडली. मीही तेच म्हणाले."

नर्स येऊन घोंगडी देऊन गेली.

मग इस्क्राने विचारलं, "पाटाची ती फळी कुजली आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आणि दारावर कोणाचा कागद होता?"

"माझ्या बापाचा."

"तो मी काढला," मी म्हटलं.

इस्क्रा उठून उभी राहिली. "तुम्ही दोघींनी माझ्या नवऱ्याला तिथे खाली जाऊ दिलंत," ती म्हणाली, आवाज न चढवता. मग ती नवऱ्याकडे आत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही बसने घरी आलो.

पुढचा महिना वाईट गेला. पोलीस येणार अशी त्सोन्काची खात्री होती. गल्लीत गाडीचा आवाज आला की ती पडद्याआड उभी राहायची. एका पिशवीत तिने लोकरीचे मोजे, रक्तदाबाच्या गोळ्या आणि आईचा फोटो भरून ठेवला होता, तुरुंगात न्यायला. मिलेन फोनवर सांगत होता, कुणाशी काही बोलू नकोस. तिने त्याचा फोनच घेणं बंद केलं. एके दिवशी मला बोलावून कागद-पेन पुढे ठेवलं आणि चक्कीत जे जे मोडलेलं, कुजलेलं, बुजलेलं आहे ते सगळं मिलेनच्या फोटोंवरून आणि मला विचारून विचारून माझ्याकडून लिहून घेतलं. शेवटी तिने स्वतःच्या हाताने लिहिलं की इथे माणूस मेला आहे, तो कसा आणि कुणामुळे. तो कागद आम्ही प्लोव्दिवला पाठवला.

पोलीस आले नाहीत. नोव्हेंबर संपता संपता इस्क्रा आली, एकटी. त्सोन्काने दार उघडलं ती कोट घालूनच, पिशवी हातात. इस्क्राने ती पिशवी तिच्या हातातून घेऊन खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली.

चक्की तिला हवी होती. नवरा आता नावही काढू देत नव्हता. शाळेत लेथचं यंत्र गरगर फिरायला लागलं की त्याला घाम फुटायचा. मुलांकडे पाठ करून उभा राहायचा. डोळे मिटले की चाक फिरताना दिसतं म्हणायचा.

"मग तुम्हाला कशाला हवी?" त्सोन्काने विचारलं.

"मलाही दिसतं," इस्क्रा म्हणाली. "मला ते हवं तेव्हा फिरवता आणि हवं तेव्हा थांबवता आलं पाहिजे. नाहीतर आम्ही दोघं असेच राहू."

"आणि नाही थांबलं तर?"

इस्क्राने माफ केलं असं म्हटलं नाही, आणि त्सोन्कानेही माफी मागितली नाही. दोघींनी चहा घेतला.

चक्की इस्क्राच्या नावावर झाली. काम दोन वर्षं चाललं. पाटाच्या तोंडाशी लोखंडी दार बसलं, गाळ निघाला, छप्पर नवं झालं. ल्यूबेन तिसऱ्या उन्हाळ्यात एकदा आला. रस्त्यावरूनच बघून गेला. पेन्योचा कागद इस्क्राने मला सांगून पुन्हा लावून घेतला.

मागच्या सप्टेंबरात पहिलं दळण ठरलं, शनिवारी अकराला. गाव लोटलं. कुणी पाव आणला, कुणी चीज, कुणी घरची दारू. त्सोन्का दिसेना, म्हणून मी तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होती. रेडिओ इतका मोठा लावलेला की मला ओरडावं लागलं. सगळी दारं-खिडक्या बंद, डोळ्यांत पाणी येईल एवढा धूर.

"येणार नाहीस?"

तिने नाही म्हटलं. मग रेडिओ थोडा कमी करून ओढ्याकडचा कानोसा घेतला आणि पटकन पुन्हा मोठा केला.

"किती वेळ चालणार ते?"

"इस्क्रा म्हणाली, दोनपर्यंत."

"तू जा. तुला बघायचं असेल."

मी शाल काढून खुर्चीवर टाकली आणि भाजलेल्या मिरच्या सोलायला बसले.